आधी ओलांडणारा मोजा



दीक्षान्त समारंभात पाहुण्याने चार उपदेश करायचे असतात. मी एकच करणार आहे, आणि त्याचा विषय तुमच्या रोजच्या येण्याजाण्यातला आहे: कुडाळजवळच्या पिंगुळीवरून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग.

हा रस्ता दुपदरी होता, तो चौपदरी झाला. चतुर्थीला येणाऱ्या चाकरमान्याला निदान सिंधुदुर्गात तरी सुख लाभलं. रायगडात त्याची हाडं खिळखिळी होतात ती गोष्ट वेगळी. मी रस्ताविरोधी नाही, आयुष्यभर रस्त्यांचेच नकाशे काढले. पण मध्यंतरी इथल्या थांब्यावर एक आजी भेटल्या. म्हणाल्या, ‘‘रस्तो बरो झालो, पण पलीकडे जावचा कसा?’’

आजींचा प्रश्न आपण गणिताने सोडवू. एका बाजूच्या दोन मार्गिका ७ मीटर, कडेची पट्टी धरून साधारण साडेआठ. वयस्क माणूस सेकंदाला ०.८ मीटर चालतो. म्हणजे दुभाजक गाठायला साडेदहा सेकंद. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्या वेळात सुमारे २३५ मीटर कापते. वळणामुळे दीडशे मीटरपुढचं दिसत नसेल, तर आजींनी पाऊल टाकलं तेव्हा रस्ता मोकळाच होता आणि तरीही गाडी अंगावर आली. मग पंचनाम्यात आपण लिहितो, ‘निष्काळजीपणे रस्ता ओलांडताना’. आजींनी काळजी घेतली होती. आरेखन करणाऱ्याने घेतली नव्हती.

हे का होतं, तेही सांगतो. वाहतूक मोजायचं आमचं एक माप आहे, पीसीयू, म्हणजे पॅसेंजर कार युनिट: प्रत्येक वाहन किती मोटारींइतकं धरायचं तो आकडा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांच्या कोष्टकात मोटार १, बस ३ आणि सायकल अर्धी. ५० माणसं घेऊन निघालेली एसटी ३, आणि एकटा माणूस चालवत असलेली मोटार १! पायी चालणाऱ्याला तर या कोष्टकात आकडाच नाही. रस्त्याची रुंदी या बेरजेवरून ठरणार, तर आजी नकाशात येणार कुठून?

रस्त्याची जागा वाटताना वाहनं नव्हे, माणसं केंद्रस्थानी ठेवा, असं २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने बजावलं. त्याच वर्षी पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी धावली. बसला स्वतंत्र मार्गिका मिळाली, पण रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यापर्यंत जीव मुठीत धरून जायचं! सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात सायकलमार्गांवर दुचाक्या लागल्या. माझं स्पष्ट मत आहे: बस, सायकल आणि पदपथ यांचा हिशेब एकत्र मांडला नाही, तर तिन्हींवरचा पैसा पाण्यात जातो.

पिंगुळी काही पुणे नव्हे. पण कुडाळ इकडे सरकतं आहे, आणि शहर होण्याआधी जागा राखणं स्वस्त पडतं. मिडलकट, म्हणजे दुभाजकातली ओलांडायची फट, लांब म्हणून शाळेची पोरं सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेने सायकली हाणतात. त्यांना दटावण्याआधी मिडलकट कुठे ठेवला ते बघा. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, उत्तम झालं. पण थांब्यावर पावसात उभं राहायला छप्पर आणि चालत यायला पदपथ नको? गावात व्हाळावर साकव बांधताना पलीकडच्या वाडीत किती घरं, शाळेची पोरं किती, हे आपण आधी विचारतो. हमरस्ता बांधताना हाच शहाणपणा कुठे जातो, कळत नाही.

तुमच्यातले काही बांधकाम खात्यात जातील, काही ठेकेदाराकडे, काही मुंबईला. कुठेही गेलात तरी सही करण्याआधी त्या जागी सकाळी शाळेच्या वेळेला उभे राहा आणि रस्ता ओलांडणारी माणसं मोजा. आणि जे इथेच राहणार आहेत, त्यांच्यासाठी काम आजपासूनच आहे. पिंगुळीत लोक कुठे आणि किती ओलांडतात, याची वहीभर नोंद करा, तिच्या आधारे भुयारी मार्गाची आणि पदपथाची मागणी तयार करा, आणि येत्या ग्रामसभेत तो विषय लेखी द्या. तोंडी सांगितलेलं इतिवृत्तात येत नाही.