विम्याचा कागद

कॅथलिक धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या अत्याचारांचा विषय निघाला की आपल्याला बॉस्टन आठवतं. त्यावर सिनेमा निघाला, त्याला ऑस्करही मिळालं. मी आज आयर्लंडमधल्या डब्लिनबद्दल बोलणार आहे.

१९८७ साली डब्लिनच्या धर्मप्रांताने एक विमा उतरवला. धर्मगुरूंच्या लैंगिक अत्याचारांबद्दल कुणी भरपाई मागितली, तर ती विमा कंपनीने द्यावी म्हणून. चर्चच्या छपराचा विमा समजू शकतो. पण हा? पुढे कित्येक वर्षं धर्मप्रांताचे अधिकारी सांगत राहिले, की आम्हाला या गोष्टींची नीट कल्पनाच नव्हती. या प्रकरणांची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती इव्होन मर्फी यांच्या आयोगाचा अहवाल नोव्हेंबर २००९ मध्ये आला. त्यात हा बचाव मोडून काढताना याच विम्यावर बोट ठेवलं आहे. आयोगाने ४६ धर्मगुरूंची प्रकरणं तपासली. निष्कर्ष असा, की गुप्तता, चर्चची अब्रू आणि मालमत्ता आधी सांभाळली गेली. मुलं त्यानंतर.

माणूस पापी असू शकतो, हे श्रद्धाळू कॅथलिकाला कुणी शिकवावं लागत नाही; त्याच्या धर्माचा पायाच तो आहे. तो बिथरला तो चर्चच्या फायलींमुळे. तक्रार आली की फादरची बदली. नव्या गावाला काही सांगायचं नाही. ब्रेंडन स्मिथ नावाचा धर्मगुरू असाच या देशातून त्या देशात फिरत राहिला, आणि त्याच्या प्रत्यार्पणाच्या दिरंगाईवरून १९९४ मध्ये आयर्लंडचं सरकार कोसळलं.

१९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये आले, तेव्हा दहा लाखांहून अधिक माणसं जमली होती. देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम चौतीस लाख. २०१८ मध्ये त्याच मैदानात पोप फ्रान्सिस यांच्या मिस्साला त्याचा लहानसा अंशच होता. शिक्षण वाढलं, पैसा आला, हीही कारणं आहेत. पण तेवढ्यावर भागवणं सोयीचं आहे, खरं नाही.

आता आयर्लंडच्या चर्चमध्ये मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची आधी पोलीस-पडताळणी होते. एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत बसायचं नाही. सज्जन फादरांना हे अपमानास्पद वाटतं, आणि मला त्यांच्याबद्दल सहानुभूती आहे. तरी नियम त्यांच्यासाठीही हवाच, कारण सज्जनपणा कपाळावर लिहिलेला नसतो.

२०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरू आणि सिस्टरांवर तक्रार कळवण्याचं बंधन घातलं, पण ती चर्चमधल्याच वरिष्ठांकडे. पोलिसांचं काय, ते त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडलं. आपला २०१२ चा पॉक्सो कायदा इथे अधिक स्पष्ट आहे. ज्याला कळलं, त्याने पोलिसांना कळवायचं. दडवलं तर शिक्षा. बिशप असो, मठाधिपती असो की आश्रमशाळेचा संस्थाचालक.

आयर्लंडमध्ये चर्चच्या दाराशी फलक असतो, तक्रार कुणाकडे करायची ते सांगणारा. त्यावर चर्चबाहेरचे, पोलिसांचेही नंबर असतात. आपल्याकडे तक्रारपेटी असते. आपापल्या गावात जाऊन एवढंच बघा, तिची किल्ली कुणाकडे आहे.