आमदारातून पक्ष, आंदोलनातून आमदार

पक्ष म्हटलं की आपल्याला दिल्ली-मुंबई आठवते. पण तो जन्माला कसा येतो, हे पाहायला आमची वसई पुरेशी आहे.

1990 साली हितेंद्र ठाकूर काँग्रेसच्या तिकिटावर वसईतून आमदार झाले. पुढे त्यांनी स्वतःचा स्थानिक पक्ष बांधला, तीच आजची बहुजन विकास आघाडी. गल्लीतला कार्यकर्ता, नळाच्या पाण्याची तक्रार आणि प्रचारात घुमणारी ‘शिट्टी’ ही निशाणी, यांवर त्याने मूळ धरलं. मुंबईच्या नेत्याची वाट न पाहता गाऱ्हाणं गावातच ऐकलं जातं, ही स्थानिक पक्षाची मोठी ताकद. पण सत्ता एकाच घराभोवती गोळा झाली, तर प्रश्न विचारायला दुसरं कुणीतरी हवंच!

ते इथे उभं राहिलं. 2009 साली चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावं मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. केळीच्या वाड्या, भाजीचे मळे, बावखलं म्हणजे गोड्या पाण्याची तळी असलेली गावं म्हणाली, आम्हाला शहरात यायचं नाही, आणि आंदोलनाला उतरली. या आंदोलनात पुढे असलेले जनआंदोलन समितीचे विवेक पंडित त्याच वर्षी अपक्ष आमदार म्हणून वसईतून निवडून आले.

2014 आणि 2019 मध्ये आघाडीचे तीन-तीन आमदार निवडून आले. 2024 मध्ये तिन्ही जागा गेल्या. वसईत ठाकूर थोडक्या मतांनी हरले. जिंकल्या भाजपच्या स्नेहा दुबे-पंडित, विवेक पंडितांच्या कन्या.