पाण्यावरचे बिऱ्हाड
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



"शिडाच्या होडीत चार वर्षे संसार केलात, तो कसा केलात ते आम्हाला सांगा," असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला, म्हणून मी उभी राहिले आहे. मला व्याख्यानाची सवय नाही. घरी बसून सांगावे, तसेच सांगते.

२०१४ साली ह्यांनी जहाजावरची नोकरी सोडली आणि मलेशियातील लंकावी बेटावर एक जुनी ३६ फुटी होडी घेतली. २०१८ पर्यंत आमचे बिऱ्हाड तिच्यावरच होते. छत्तीस फूट ऐकायला पुष्कळ वाटतात; पण त्यातच स्वयंपाकघर, माजघर, मोरी, कोठी आणि इंजिन! एक डबा काढायचा तर तीन हलवावे लागत.

पाण्याची टाकी ३०० लिटरची. माणशी दिवसाला दहा लिटर, असा माझा हिशेब. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची आणि गोड्या पाण्यात नुसती विसळायची. कपड्यांना मात्र ही काटकसर चालत नाही. खारे पाणी राहिले की मीठ हवेतली ओल ओढते आणि कपडा कधीच कोरडा होत नाही. शेगडी झुलती असते, म्हणजे होडी कलली तरी भांडे सरळ राहते. कुकर तर तिथे देवासारखा, कारण झाकण घट्ट असल्याने आमटी सांडत नाही. भाजी संपली की मटकी-मूग भिजत घालायचे. बाजारातले पुठ्ठ्याचे खोके कधी होडीत आणायचे नाही, कारण त्यातून झुरळांची अंडी येतात. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर होडीच्या तळाशी साचून राहतो. म्हणून स्वयंपाक झाला की सिलिंडरपाशीच बंद करायचा.

शिडाचे कापड टिकते, पण उन्हाने शिवणीचा दोरा आधी कुजतो. दर महिन्याला शिवण नखाने ओढून पाहावी. होडीच्या तळाला जस्ताचे तुकडे बसवतात. खाऱ्या पाण्यात जस्त झिजते आणि पंख्याचा धातू वाचतो. निम्मे झिजले की नवे लावावे. नांगर टाकताना भरतीला जितके खोल पाणी असेल, त्याच्या निदान पाचपट साखळी सोडावी. मलाक्काच्या सामुद्रधुनीत आपल्या पावसाळ्याच्या दिवसांत रात्री अचानक पश्चिमेकडून वादळे येतात. त्यांना 'सुमात्रा' असेच म्हणतात. त्या वेळी साखळीत केलेली कंजुषी अंगाशी येते.

आता जे सांगण्यासाठी खरे म्हणजे मी उभी आहे, ते सांगते.

आमच्याकडे कामांची वाटणी होती. स्वयंपाक, कोठी, शिवण माझी. इंजिन, नळ्या, पंप ह्यांचे. २०१६ च्या जूनमध्ये हे तापाने अंथरुणाला खिळले. होडी कुआह गावासमोर नांगरलेली. रात्री पाणी द्यायला उठले, तो पाय घोट्यापर्यंत ओले! तळफळ्या तरंगत होत्या. मी ह्यांना हाक मारली. हे ग्लानीतच म्हणाले, "चाखून पाहा." मला वाटले, तापात बरळत आहेत. पण त्यात शहाणपण होते. पाणी गोडे असेल तर आपली टाकी फुटली. खारे असेल तर समुद्र आत येतो आहे.

मी बोट बुडवून जिभेला लावले. पाणी खारट होते!

होडीच्या तळाला चार ठिकाणी झडपा होत्या. त्या कुठे आहेत, हे दोन वर्षे तिथे राहून मला ठाऊक नव्हते. हे एकेक सांगत गेले, मी बॅटरी घेऊन शोधत गेले. सापडली ती माझ्याच मोरीखाली, जिच्यासमोर मी रोज पातेली रचून ठेवीत असे. नळीची पट्टी गंजून तुटली होती आणि अंगठ्याएवढी धार येत होती. झडप फिरवू गेले, तर ती जाम. कित्येक महिन्यांत ती कुणी फिरवलीच नव्हती. ही चूक ह्यांची. शेजारी लाकडी बूच टांगलेले होते, ते हातोडीने ठोकून बसवले, तेव्हा धार थांबली.

पण मग विजेचा पंप का चालला नाही? सकाळी तो उघडला, तर आत कागदाचा लगदा. खाद्यपदार्थांचे डबे मी तळाशी रचले होते. त्यांची लेबले भिजून पंपात अडकली होती. ही चूक माझी. ह्यांना कोठीतले ठाऊक नाही, मला पंपातले ठाऊक नाही, आणि समुद्र मात्र त्या फटीतून आत आला. ते पाणी मी वरणाच्या पातेल्याने पहाटेपर्यंत उपसले.

त्यानंतर आम्ही नियम केला. रोज सकाळी चहाआधी तळातले पाणी दोघांनी पाहायचे. आठवड्याला प्रत्येक झडप एकदा फिरवायची. नळीला एकीऐवजी दोन पट्ट्या. डब्यांचे कागद काढून वर शाईने नाव. रविवारी स्वयंपाक ह्यांचा आणि इंजिन माझे. पहिल्या रविवारचे पिठले कसे झाले, ते विचारू नका. माझे इंजिनही तिसऱ्या खेपेला सुरू झाले!

बायकांना हे जमत नाही असे कुणी म्हणाले, तर त्याला 'तारिणी'चे नाव सांगा. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या या ५५ फुटी नौकेतून भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी परतल्या. २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच त्याच नौकेतून प्रदक्षिणा पुरी केली. तिथे 'हे काम माझे नव्हे' म्हणायला दुसरे होते कोण?

भगिनींनो, आपली घरे जमिनीवर आहेत, ती बुडायची नाहीत. पण विजेची मुख्य कळ कुठे, पाण्याची मुख्य तोटी कोणती, विम्याचे कागद कोणत्या कपाटात, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे? आणि तूरडाळीचा डबा कोणता, हे किती घरच्या पुरुषांना ठाऊक आहे? आज घरी गेल्यावर ती तोटी एकदा स्वतःच्या हाताने फिरवून पाहा. जाम झाली असेल, तर ते आजच कळलेले बरे.