दोन मुलींचे घर
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या कार्यकारिणीने आम्हांस या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली, याबद्दल आम्ही प्रारंभीच कृतज्ञता व्यक्त करतो. या व्यासपीठावरून ज्ञातीचा इतिहास, उद्योगधंद्यांतील संधी, तरुणांपुढील प्रश्न अशा विषयांवर अधिकारी वक्त्यांची व्याख्याने झाली आहेत. त्यांच्या पंक्तीस बसण्याचा आमचा अधिकार नाही. आमच्या पदरी दोन लहान मुली आहेत. थोरली चौथीत शिकते, धाकटी यंदा पहिलीत गेली. या दोघींना वाढविताना आम्हां उभयतांस जे दिसले, तेच आज आपल्यापुढे ठेवावे असा मानस आहे. विषय घरगुती आहे खरा. परंतु ज्ञातिसंस्था ही अखेर घरांचीच बनलेली असते. घरात जे रुजते तेच संस्थेत उगवते.

आमचे म्हणणे आरंभीच थोडक्यात सांगून टाकतो. दोन मुलींच्या घरात दोन गोष्टी विशेष जपाव्या लागतात : थोरलीचे बालपण आणि धाकटीचे स्वागत. या दोन्ही गोष्टी कोणी दुष्टाव्याने हिरावून घेत नाही. घरच्या-दारच्या माणसांच्या सहज बोलण्यातून त्या हरवतात, आणि म्हणूनच त्या हरवल्याचे लवकर कोणाच्या ध्यानात येत नाही.

अशा घरातील दिवस कसा उगवतो, हे दोन मुलींच्या आईबापांस सांगावयास नकोच. सकाळी साडेसहाला दोन डोकी विंचरावयाची असतात आणि पहिली वेणी कोणाची यावर वाद होतो. आमच्याकडे एकीची वेणी आम्ही व दुसरीची सौभाग्यवतींनी घालावी अशी वाटणी झाल्यापासून तो वाद मिटला. आता वाद होतो तो कोणी कोणापुढे बसावयाचे यावर. कारण आमच्या हातची वेणी शाळेच्या फाटकापर्यंतही टिकत नाही, असा दोघींचा एकमुखी निर्णय आहे. मग डबे. एकीस पोळीची गुंडाळी हवी, तर दुसरीस पोळीला भाजी शिवलेली चालत नाही. रिक्षावाले काका खालून हाक मारतात तेव्हा एकीचा मोजा सापडत नाही, आणि तो दुसरीच्या पायात असतो. सायंकाळी लंगडी, दोरीवरच्या उड्या आणि सायकल, दिवेलागणीस आजीजवळ परवचा, मग अभ्यास, आणि रात्री एकाच पांघरुणासाठी ओढाताण. दिवसातून दहा वेळा एकमेकींशी भांडावे आणि अकराव्यांदा एकीस कोणी रागावले की दुसरीने तिच्या बाजूने मध्ये पडावे, हा क्रम अखंड चालतो. या साऱ्या धामधुमीत आपले घर अपुरे आहे, अशी जाणीव आम्हांस कधी झाली नाही. ती जाणीव बाहेरून करून दिली जाते.

प्रथम थोरलीचे पाहू. धाकटी जन्मास आली त्या दिवशी थोरली अवघी तीन वर्षांची होती. परंतु त्या दिवसापासून तिचे नाव मागे पडले व ती 'ताई' झाली. 'तू मोठी ना, तू समजून घे,' हे वाक्य तिच्या कानी दिवसातून कितीदा पडू लागले, याची गणती नाही. वास्तविक पाहता तीन वर्षांचे मूल कोणत्याही मापाने मोठे नसते. बाहुली दोघींना हवी, तर ताईने द्यावी. खाऊ सांडला तो धाकटीने, पण लक्ष ठेवावयाचे होते ताईने! थोरला मुलगा असता तर त्याच्या थोरलेपणाचे कौतुक झाले असते. थोरल्या मुलीचे थोरलेपण म्हणजे मात्र अर्धे आईपण, असा आपल्या घरांतील अलिखित संकेत आहे. सन १८४८ मध्ये सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, १८८४ मध्ये हुजूरपागा सुरू झाली, १९१६ मध्ये महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. शाळेची दारे उघडली. परंतु जिच्या हाती धाकट्या भावंडाच्या पाळण्याची दोरी होती, तिला त्या दारापर्यंत पोहोचता येत नव्हते. आपल्या आज्यांच्या पिढीत कित्येक थोरल्या बहिणींची शाळा याच कारणाने सुटली, हे इथे बसलेल्या अनेक वडीलधाऱ्यांस ठाऊक असेल.

आज पाळण्याची दोरी सुटली आहे, पण 'समजून घे' सुटलेले नाही. यावर आमच्या घरी आम्ही दोन साधे नियम केले. पहिला असा, की 'समजून घे' हे दोघींनाही आळीपाळीने सांगावयाचे. सहा वर्षांच्या मुलीसही समजूत असते, फक्त कोणी ती मागत नाही. दुसरा असा, की रोज अर्धा तास आम्हां उभयतांपैकी एकाने केवळ थोरलीबरोबर काढावयाचा आणि त्या वेळात ती कोणाचीही ताई नाही. या अर्ध्या तासात ती काही विशेष करते असेही नाही. कधी पुस्तक वाचते, कधी शाळेतल्या मैत्रिणीची तक्रार सांगते, कधी नुसतीच लोळते. लोळणे हादेखील बालपणाचा हक्क आहे, असे आम्ही मानतो.

आता धाकटीविषयी. 'पहिली बेटी, धनाची पेटी' अशी म्हण आपल्याकडे आहे. दुसऱ्या बेटीसाठी अशी म्हण आमच्या ऐकिवात नाही. तिच्या वाट्यास म्हणीऐवजी प्रश्न येतो : 'दुसरीही मुलगीच का?' या प्रश्नातील 'च' हे एकच अक्षर आहे. परंतु त्या एका अक्षरात सारा समाज बोलतो. विचारणारा मनाने चांगला असतो, पेढाही घेतो, बाळाच्या गालासही हात लावतो. पाठोपाठ 'होईल, पुढच्या वेळी होईल,' असा दिलासाही देतो. आम्ही दिलासा मागितलेला नसतो.

लहान मुले खेळत असली तरी त्यांचे कान मोठ्या माणसांच्या बोलण्याकडे असतात. गतवर्षी एका मुंजीहून परतल्यावर धाकटीने अंथरुणात पडल्या पडल्या विचारले, "बाबा, मी भाऊ व्हायला हवं होतं का?" पाच वर्षांच्या मुलीस हा प्रश्न सुचत नसतो, तो तिला कोणीतरी दिलेला असतो. आम्ही तिला जवळ घेऊन सांगितले की, तू आम्हांला तूच हवी होतीस. तिने तेवढ्यावर समाधान मानले व ती झोपली. आम्हांस मात्र त्या रात्री फार वेळ झोप आली नाही.

हा प्रश्न एका घरापुरता नाही. महाराष्ट्रात शून्य ते सहा वर्षे वयाच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४६ होती. २००१ मध्ये ती ९१३ झाली आणि २०११ मध्ये ८९४ वर आली. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम आपल्याच राज्याने केला आणि १९९४ मध्ये केंद्र सरकारने तसा कायदा केला, तरीही आकडे असे उतरत गेले. सातारा जिल्ह्यात 'नकुशा' हे नाव लावून वाढलेल्या अडीचशेहून अधिक मुलींना २०११ च्या ऑक्टोबरात समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. नको असलेली, एवढाच त्या नावाचा अर्थ. आणि ते नाव वर्षानुवर्षे शाळेच्या हजेरीपटावर पुकारले जात होते! 'मुलगीच का' मधील तो 'च' आणि जनगणनेतील हे आकडे यांचे नाते जवळचे आहे, असे म्हणणे वावगे ठरू नये.

दुसरी मुलगी झाल्यावर घरोघरी नजर वळते ती आईकडे. ही गोष्ट शास्त्रास धरून नाही. मातेकडून अपत्यास नेहमी एक्स गुणसूत्रच मिळते. पित्याकडून एक्स आले तर कन्या, वाय आले तर पुत्र. त्यात त्याच्या इच्छेचाही काही भाग नसतो. आधीचे अपत्य कोणते होते, यावरून पुढचे ठरत नाही. दर वेळी शक्यता जवळजवळ निम्मीच. तेव्हा 'आता मुलगाच' हे भाकीत करणाऱ्यास कोणताही आधार नसतो, आणि सुनेस दोष देणाऱ्यास तर मुळीच नसतो.

सणावारी हा विषय विशेष डोके वर काढतो. 'भाऊबीजेला या मुली ओवाळणार कोणाला?' असे आम्हांस विचारले जाते. आमच्या घरी त्या एकमेकींना ओवाळतात. चुलतभाऊ व मामेभाऊ आले तर त्यांनाही ओवाळतात. न आले तर सण अडत नाही. धाकटी आपल्या मातीच्या गल्ल्यातून दहा रुपये काढून ताईच्या ताटात टाकते, आणि तेच दहा रुपये ताई तिला परत ओवाळणी म्हणून देते. व्यवहार चोख होतो. पाठीराखा हवा ही बहिणीची भावना खरी आहे; परंतु पाठीशी उभी राहणारी व्यक्ती बहीण असली तर काय बिघडले?

तीच गोष्ट पैशाची. 'दोघींच्या लग्नाची तजवीज केलीत का?' ही चौकशी आपुलकीने होते. आम्ही दोघींच्या नावे पोस्टात सुकन्या समृद्धी योजनेची खाती उघडली आहेत. २०१५ च्या जानेवारीत सुरू झालेल्या या योजनेत मुलगी दहा वर्षांची होण्यापूर्वी खाते उघडावे लागते व एका कुटुंबात साधारणतः दोन मुलींची खाती काढता येतात. पंधरा वर्षे पैसे भरावयाचे असतात, खाते उघडल्यापासून एकवीस वर्षांनी त्याची मुदत पुरी होते आणि मुलीस अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर किंवा ती दहावी झाल्यावर उच्च शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. ज्या घरांत मुलगी अद्याप दहाच्या आत आहे, त्यांनी हे अवश्य पाहावे. आमच्या मुलींना आम्ही सांगून ठेवले आहे की, हे पैसे आधी शिकण्यासाठी आहेत.

याहून मोठी गोष्ट वडिलोपार्जित मिळकतीची. महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. कायदा झाला, परंतु आपल्या घरांत हक्कसोडपत्राचा कागद बहिणीपुढे अजून सहजपणे सरकविला जातो, आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. स्वखुशीने कोणी काही सोडावे, त्यास आमची हरकत नाही. परंतु सही न केल्यास माहेरचे दार बंद होणार असेल, तर ती स्वखुशी कसली? ज्या मुलीने लहानपणी 'मी भाऊ व्हायला हवं होतं का' असे विचारले, तीच मोठेपणी त्या कागदावर सही करते. तिला तिचे उत्तर आपण आधीच देऊन ठेवलेले असते.

ज्ञातिबंधूंनो, आता आपल्या संस्थेकडे वळतो. ज्ञातींचे व कुळांचे जुने कुलवृत्तान्त आपण चाळले असतील. पूर्वजांनी ते मोठ्या कष्टाने, गावोगाव पत्रे धाडून सिद्ध केले, त्याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु त्यांतील वंशवृक्ष मुलग्यांच्या फांद्यांनीच वाढतो. मुलीची नोंद झालीच तर तिचे सासरचे नाव येते आणि रेघ तेथे थांबते. आमच्यासारख्या घराची फांदी या रीतीने आमच्या नावापाशीच संपेल. आणि आमच्या घरी तर रोज सकाळी दोन वेण्यांवरून भांडण चालू आहे! जिवंत फांदी कागदावर वठलेली का दाखवावी? आता राज्य शासनानेही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव लिहिण्याची पद्धत शासकीय कागदपत्रांत सुरू केली आहे. शासनाच्या दप्तराने जे केले, ते आपल्या स्मरणिकेस अवघड नसावे.

म्हणून मंडळापुढे आमच्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली : यापुढे कुलवृत्तान्ताची वा सभासदसूचीची आवृत्ती निघेल तेव्हा मुलीची शाखा तिच्या अपत्यांसह पुढे चालवावी. दुसरी : मिळकतीतील हक्काविषयी एखाद्या जाणत्या वकिलांचे व्याख्यान दर वर्षी ठेवावे, आणि त्यास भाऊ व बहीण दोघांनाही निमंत्रण असावे. तिसरी सूचना सर्वांत स्वस्त आहे. ज्या सभासदाच्या घरी दुसरी कन्या जन्मेल, त्या घरी मंडळाने अभिनंदनाचे पत्र पाठवावे. त्यात सांत्वनाचा एक शब्दही नसावा. ते पत्र आईबाप जपून ठेवतील आणि पुढे ती मुलगी स्वतः वाचील. आपल्या जन्माचा आपल्या माणसांना आनंद झाला होता, याचा एवढा लेखी पुरावा तिच्यापाशी असला म्हणजे पुष्कळ झाले.

आणि इथे बसलेल्या प्रत्येकास एक विनंती. पुढल्या वेळी बारशाला जाल तेव्हा पेढा घ्या, बाळाचे नाव विचारा, त्याच्या थोरल्या बहिणीस जवळ बोलावून तिचेही नाव विचारा, आणि तो 'च' मात्र उंबऱ्याबाहेर ठेवून आत जा.