'द ग्लास पॅलेस' आणि रत्नागिरीची थोरली राजकन्या



धम्माच्या व्यासपीठावर आम्ही एका प्रेमकथेवर बोलणार, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु अमिताव घोष यांची 2000 साली प्रसिद्ध झालेली 'द ग्लास पॅलेस' ही इंग्रजी कादंबरी मंडालेत सुरू होते आणि तिथून थेट आपल्या रत्नागिरीत येते. ब्रह्मदेशाचा शेवटचा बौद्ध राजा थिबा 1886 ते 1916 अशी तीस वर्षे ज्या गावात कैदेत होता आणि तिथेच वारला, ते हे गाव. आपल्यापैकी कितीजण थिबा राजवाडा पाहून आले असतील! वाड्यात कोण राहिले, कोणाचे काय झाले, हे विचारणारे मात्र थोडे.

1885 चे युद्ध सागवानाचे होते. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीला ब्रह्मी दरबाराने लाकडाच्या व्यवहारावरून मोठा दंड केला, आणि इंग्रजांना हवे असलेले निमित्त मिळाले. दोन आठवड्यांत राज्य संपले. राजाला बैलगाडीत बसवून इरावतीच्या काठाकडे नेले. ज्या पलटणींनी हे केले त्यांत हिंदी शिपाईच फार होते. कादंबरीतला अकरा वर्षांचा अनाथ राजकुमार हे पाहतो. त्याच गर्दीत त्याला राणीची छोटी दासी डॉली दिसते, आणि वीस वर्षांनी सागवानात पैसा मिळवून तो तिला शोधत रत्नागिरीला येतो.

राजा बौद्ध म्हणून त्याच्या सगळ्यावर पांघरूण घालावे, असे आम्हांस वाटत नाही. थिबाचे वडील मिंडॉन यांनी 1871 मध्ये मंडालेत पाचवी धम्मसंगीती भरवली आणि त्रिपिटक 729 संगमरवरी शिळांवर कोरून घेतले. स्वतः थिबा पाली परीक्षा उत्तीर्ण झालेला. तरीही 1879 मध्ये, त्याच्या राज्याच्या दुसऱ्याच वर्षी, सिंहासनाला धोका नको म्हणून राजघराण्यातील कितीतरी भाऊबंद, बायका-मुलांसह, मारले गेले. पाठांतर वेगळे आणि शील वेगळे.

आता थोरल्या राजकन्येकडे येऊ. फया जी ही 1880 ची. रत्नागिरीला आली तेव्हा जेमतेम सहा वर्षांची. आईवडिलांना जावई राजरक्ताचाच हवा. तो रत्नागिरीत कुठून येणार? मुली वाढल्या, तिशीकडे झुकल्या, दाराशी पहारा. अशा वेळी गोपाळ भाऊराव सावंत या वाड्याच्या दरवानाशी तिचे प्रेम जमले. 1906 मध्ये मुलगी झाली. तिचे नाव टूटू.

घोष यांनी दरवानाचा गाडीवान केला आहे. कादंबरीत राजकन्येला दिवस गेल्याचे कळते तेव्हा कलेक्टर हादरतो, सरकारची अब्रू गेली म्हणून. त्याची नोकरीही त्यातच जाते. लेखकाने येथे छान टोमणा मारला आहे. ज्यांनी देश लुटला त्यांना लाज वाटली ती एका बाईने गरीब माणूस पसंत केला याची! राजघराण्यालाही तीच लाज. दोन्ही बाजूंना रक्ताची शुद्धी प्यारी. बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिनिर्मूलना'त ज्या रोगावर बोट ठेवले, तो हाच. आणि आपल्या वस्तीत कोणाच्या मुलीने पोटजातीबाहेर लग्न केले तर ती गावाला गेली आहे असे सांगणारी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. ही गुपिते केवळ राजवाड्यातली नव्हेत.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. सावंत आधीचा विवाहित होता. त्याच्या घरी बायको होती. तिच्या वाट्याला काय आले, याची कादंबरीकाराने दखल घेतलेली नाही. प्रेमकथा म्हटली की आपण दोघांकडेच पाहतो, तिसरीकडे पाहत नाही.

1919 मध्ये राणी सुपयालत मुलींसह रंगूनला परतली. थोरलीला तिथे राहता आले असते. तिची माणसे तिथे, तिची भाषा तिथे. पण काही काळाने ती मुलीला घेऊन रत्नागिरीला परत आली आणि 1947 मध्ये तिथेच वारली. टूटू मराठी बोलत वाढली, कोकणातल्या कोणत्याही कष्टकरी बाईसारखी गरिबीत राबली, आणि 2000 साली गेली. ज्या वर्षी ही कादंबरी छापून आली तेच वर्ष. राजाच्या नातीला ना मंडालेने विचारले ना लंडनने.

कादंबरीचा उत्तरार्ध दुसऱ्या महायुद्धाचा आहे. 23 डिसेंबर 1941 ला जपान्यांनी रंगूनवर बॉम्ब टाकले आणि लाखो हिंदी माणसे आसाम, मणिपूरच्या वाटेने चालत निघाली. हजारो वाटेतच गेली. राजकुमारचा मोठा मुलगा लाकडाच्या वखारीत हत्ती बिथरल्याने मरतो, सून वाटेत नदीत जीव देते, तान्ही नात जया तेवढी वाचते. हे प्रकरण विद्यार्थ्यांनी सावकाश वाचावे. पुढे हीच जया घरातले जुने फोटो आणि जुनी माणसे यांच्या मागे लागते, तेव्हा आणखी एक गुपित उजेडात येते: मलायातील रबराच्या मळ्यावर राबणाऱ्या एका मजूर बाईपासून राजकुमारला झालेला मुलगा. हे प्रेम म्हणता येणार नाही, धनी आणि मजूर बाई यांच्यात नकार देण्याची सोय कुठे असते? ज्या माणसावर आपण शेकडो पाने लोभ केला त्याचीच ही बाजू लेखक लपवत नाही, म्हणून कादंबरीवर आमचा विश्वास बसला.

आणि डॉली? सगळे हरवल्यावर ती ब्रह्मदेशात परत जाते, हयात असलेल्या धाकट्या मुलाला भेटते आणि सगाईंगच्या भिक्खुणींच्या आश्रमात राहून तिथेच देह ठेवते. राजकुमार कलकत्त्यात वाट पाहत राहतो. काही वाचक याला पळवाट म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. लहानपणी राणीची दासी, मग नवऱ्याची बायको, मग मुलांची आई. स्वतःच्या पायांनी ती कुठे गेली असेल तर ती सगाईंगला.

आमच्या संस्थेच्या सहली नागपूर, महाड, अजिंठा येथे जातात. पुढील वर्षी रत्नागिरीही घ्यावी. राजवाड्याखेरीज शहरात थिबाची समाधी आहे. डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे वंदन करून गेले. जाण्यापूर्वी कादंबरी इंग्रजीत जड वाटल्यास चार-चारजणांनी मिळून वाचावी, आणि त्याबरोबर सुधा शाह यांचे 'द किंग इन एक्झाइल' हे 2012 चे इतिहासाचे पुस्तकही मिळवावे. त्यात खरी फया जी आणि खरी टूटू भेटतात.

आता प्रश्न विचारावेत. मुलींनी आधी विचारावेत, अशी आमची विनंती आहे.