नाडीचा आकडा आणि आपला सिग्नल
(बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी मॅट्रिक शिकलेला माणूस, डॉक्टर नव्हे. तरी आज नाडीवर बोलणार आहे, कारण एक आकडा माझ्या अंगाशी येता येता राहिला.

इथे मुलाकडे आलो की मी सकाळी फिरायला जातो. मागच्या खेपेस तो मला व्यायामशाळेत घेऊन गेला. तिथल्या मास्तराने वय विचारले. छप्पन. २२० मधून ५६ गेले, उरले १६४. "हे तुमच्या हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके. त्याच्या ८५ टक्के, म्हणजे १३९ पर्यंत नाडी न्या." मी पट्ट्यावर धावू लागलो. नाडी ११० च्या वर सरकेना. तो म्हणे, वेग वाढवा! डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा थांबलो. नंतर डॉक्टर म्हणाले, "रक्तदाबासाठी तुम्ही अ‍ॅटेनोलॉल घेता. ठोके आवरून धरणे हेच त्या गोळीचे काम. तुम्हाला हा हिशेब लागू नाही."

हे सूत्र १९७१ साली अमेरिकेत फॉक्स, नॉटन व हॅस्केल यांनी आधीच्या अभ्यासांवरून ढोबळमानाने मांडले. २००१ साली तानाका यांनी ३५१ अभ्यास तपासून नवे दिले: २०८ मधून वयाची ०.७ पट वजा करा. २०१० साली शिकागोकडच्या ५,४३७ स्त्रियांवरून स्त्रियांसाठी वेगळे निघाले: २०६ मधून वयाची ०.८८ पट वजा. छप्पन्नाव्या वर्षी उत्तरे येतात १६४, १६९ आणि स्त्रीसाठी १५७. शिवाय एकाच वयाच्या दोघांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो.

तेव्हा साथींनो, हा आकडा म्हणजे वेळापत्रक आहे, सिग्नल नव्हे. वेळापत्रक पाहून कोणी लाल सिग्नल ओलांडत नाही.

मनगटावर दोन बोटे ठेवा, १५ सेकंद ठोके मोजा, चारने गुणा. अशी गोळी चालू नसेल, तर कमाल आकड्याच्या ५० ते ७० टक्के पुरे. १६४ असेल तर ८२ ते ११५. गोळी असो वा नसो, चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, एवढा वेग ठेवा. आठवड्याला १५० मिनिटे चाला. छातीत दुखले, चक्कर आली, तर जागीच थांबा.

रेल्वेवाल्यांनी पीएमईच्या वेळी, टपालवाल्यांनी आपल्या दवाखान्यात, गोळ्यांची चिठ्ठी दाखवून विचारावे: मी किती जोर करू? हे विचारण्यात कसली लाज? कामगाराची छाती ही त्याच्या घराची शिदोरी आहे.