उन्हाळ्याची सुट्टी, ऑक्टोबरात

(मंडळाच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. अंकासाठी थोडंसं आवरून सावरून.)



कार्यकारिणीने मला विषय दिला, "सुट्टीचे नियोजन". मलाच का, हे तुम्हाला ठाऊक आहे. मंडळात माझी ओळख "यादीवाल्या बाई" अशी आहे. सहलीला पोहे कोण आणणार, चहाचा थर्मास कुणाचा, परत नेताना झाकणं कुणाची कुणाकडे गेली, सगळं माझ्या वहीत असतं. त्यामुळे मी आज तुम्हाला स्वस्त तिकिटांच्या युक्त्या सांगीन, अशी बऱ्याच जणांची अपेक्षा असणार. त्यांची आधीच माफी मागते. ज्या सुट्टीचं नियोजन मी सगळ्यात जास्त केलं आणि जे सगळ्यात जास्त फसलं, त्या सुट्टीबद्दल मी बोलणार आहे.

माझं माहेर दापोली तालुक्यात, आंजर्ल्याजवळ. घरी आई, दादा-वहिनी आणि आत्या. आत्याने लग्न केलं नाही. आम्हा भावंडांना तिनेच वाढवलं, आणि पुढे माझ्या मुलांना मराठी शिकवलं तेही तिनेच. आपल्याकडे इंग्लंडात शाळा सुटतात जुलै संपता संपता, सहा आठवडे. तेव्हा कोकणात धो धो पाऊस. त्यामुळे माझ्या मुलांच्या डोक्यात "समर हॉलिडे" म्हणजे छत्री, टाकळ्याची भाजी, हळदीच्या पानातल्या पातोळ्या आणि कधीच न वाळणारे टॉवेल. धाकट्याला शाळेत उन्हाळ्याच्या सुट्टीचं चित्र काढायला सांगितलं, तर त्याने पाऊस काढला. बाईंना वाटलं, पोरगं उदास आहे. मला बोलावून घेतलं होतं!

तर २०२०. जानेवारीतच मी जुलैची चार तिकिटं काढून ठेवली होती. लवकर काढली की स्वस्त पडतात, हा माझा नियम. मग काय झालं ते तुम्ही सगळ्यांनीच भोगलंय. मार्चच्या १३ तारखेपासून आपल्या ओसीआय कार्डावरचा प्रवास थांबला. २२ मार्चपासून भारताने आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली, २३ तारखेला इथे लॉकडाऊन जाहीर झालं. तरी माझी वही उघडीच. जुलैपर्यंत सगळं निवळेल, असं मी तिच्यात लिहिलंय. खाली दोन रेघा ओढल्यात.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. आमच्या वाडीतल्या नारळी-पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. पाच दिवस फोन नाही. सहाव्या दिवशी दादाने डोंगरावर चढून, नेटवर्क शोधून फोन केला, "माणसं ठीक आहेत, कौलं गेली." तीन आठवडे वीज नव्हती. जुलैत विमान कंपनीने तिकिटं रद्द केली आणि पैशांऐवजी व्हाउचर दिलं. मी ते वहीत चिकटवलं.

त्याच वर्षी आषाढी होती १ जुलैला. तुम्हाला आठवत असेल, ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका त्या वर्षी एसटी बसने पंढरपूरला गेल्या. मोजकेच वारकरी बरोबर. लाखोंचा मेळा नाही, रिंगण नाही, मुक्काम नाहीत. मी तो फोटो बघून हळहळले. आत्या मात्र फोनवर म्हणाली, "अगं, पादुका गेल्या ना? मग वारी झाली." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. वहीत लिहून घ्यायला हवं होतं.

ऑगस्टमध्ये आम्ही कॉर्नवॉलला गेलो. ४ जुलैपासून इंग्लंडात राहायच्या जागा उघडल्या होत्या, आणि सगळा देश एकदमच समुद्राकडे धावला होता. एक छोटं कॉटेज मिळालं. गाडीत कुकर, पोळपाट-लाटणं आणि सॅनिटायझरचे डबे. तिथे सेंट मायकल्स माउंट म्हणून समुद्रातली एक टेकडी आहे, वर किल्ला. ओहोटीला दगडी वाटेने चालत जाता येतं, भरतीला वाट बुडते. किनाऱ्यावरून आत्याला व्हिडिओवर दाखवलं. ती म्हणाली, "हे तर आपल्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासारखंच की! आत्ता भरती की ओहोटी?" मुलांना सांगता येईना. मग रोज संध्याकाळी तिचा फोन, "आज भरती कितीला?" आठ दिवसांत तिने कॉर्नवॉलच्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाठ केलं. ती सुट्टी मुलांना अजून आठवते. त्यातला निम्मा वाटा आंजर्ल्याहून आलेला होता.

आता मुद्द्याचं सांगते. २०२० च्या ऑक्टोबरअखेर दार जरा किलकिलं झालं. भारत सरकारने ओसीआयवाल्यांना पुन्हा येऊ द्यायला सुरुवात केली. भारतातली पहिली लाट ओसरत होती. परत आल्यावर चौदा दिवस घरात कोंडून घ्यायचं होतं, पण मी तसंही घरूनच काम करत होते. एकटीला जाता आलं असतं. आत्याने एकदाच विचारलं, "येतेस का?"

मी हिशोब मांडला. एकटीने जाऊन काय करायचं? त्यांना मुलांना बघायचंय. शिवाय मीच विमानातून आजार घेऊन गेले तर? आई अठ्ठ्याहत्तरची, आत्या चौऱ्याहत्तरची. तोवर लस येईल. मी म्हटलं, "उन्हाळ्यात सगळेच येतो, चांगले चार आठवडे."

ती म्हणाली, "बरं."

फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने सांगितलं की परदेश प्रवास १७ मेच्या आधी सुरू होणार नाही. म्हणजे १७ मेनंतर होऊ शकेल, असा मी अर्थ घेतला आणि २४ जुलैची चार तिकिटं काढली. या वेळी पैसे परत मिळणारी, एवढी अक्कल आली होती. एप्रिलमध्ये भारतात दुसरी लाट आली. १९ एप्रिलला घोषणा झाली आणि २३ एप्रिलला, शुक्रवारी पहाटे ४ वाजता, भारत रेड लिस्टमध्ये गेला. परतणाऱ्याने दहा दिवस सरकारने ठरवलेल्या हॉटेलात राहायचं. एका माणसाचे १,७५० पौंड, बरोबरच्या बारा वर्षांवरच्या प्रत्येकाचे ६५०, लहान मुलाचे ३२५. आम्हा चौघांचा हिशोब ३,३७५ पौंड. मी तोही वहीत मांडला. किती मूर्खासारखं वाटतं आता! तिकडे लोकांना ऑक्सिजन मिळत नव्हता आणि मी बेरीज करत होते. पण मंडळी, हातात काहीच नसलं की माणूस बेरीज करतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आत्या गेली. तालुक्याच्या गावी दवाखान्यात सहा दिवस होती. दादाला आत जाऊ दिलं नाही. आम्ही इकडून लॅपटॉपपुढे बसून होतो. तेराव्याला भटजींचा आवाज मध्येच तुटायचा आणि वहिनी फोन हलवून हलवून रेंज शोधायची. थोरली बारावी-तेराव्याचे अर्थ विचारत होती. मला सांगता येत नव्हते, कारण असलं सगळं मी आत्यालाच विचारत आले होते.

८ ऑगस्टला भारत रेडमधून अंबरमध्ये आला. आमची तिकिटं तोवर रद्द झाली होती. सप्टेंबरात लशीच्या मान्यतेवरून दोन्ही देशांची ओढाताण. इथल्या नागरिकांना भारतात पोचल्यावर दहा दिवस विलगीकरण, असा नियम ४ ऑक्टोबरला लागला आणि १३ तारखेला उठला. मी वही मिटली. नवऱ्याला म्हटलं, हाफ टर्मला जाऊ या. नऊ दिवस. तो म्हणाला, "नऊ दिवसांसाठी एवढे पैसे? दोन दिवस तर प्रवासातच जातील." मी म्हटलं, सात उरतील.

तर आमची उन्हाळ्याची सुट्टी दोन वर्षांनी, ऑक्टोबरात झाली. माझ्या मुलांनी पहिल्यांदा कोकणात ऊन पाहिलं. भातकापणी चालली होती. धाकटा म्हणाला, "आई, इथे सूर्य पण असतो?" दादा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, असं वहिनी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मी आईजवळ बसून रडले. म्हटलं, ऑक्टोबरात आले असते तर. मला वाटलं, आई म्हणेल, "असू दे गं, तुझा काय दोष." सगळ्या आया तेच म्हणतात. माझी आई म्हणाली, "आलीस असतीस तर आजार आणला असतास, की नसता आणला, ते कुणाला ठाऊक? पण तू आम्हाला विचारलं नाहीस. आम्ही म्हाताऱ्या, म्हणून आमची काळजी तुम्ही तिकडे बसून केलीत. तिला विचारलं असतंस, तर ती म्हणाली असती, ये. ओटीवर बस हवं तर, मी माजघरातून बोलेन."

हे मला कुठल्याही यादीत सापडलं नसतं.

मी आजही असं म्हणत नाही की ऑक्टोबर २०२० मध्ये जायलाच हवं होतं. इथे बसलेल्या काही जणांनी गेल्याची किंमत मोजली आहे, काहींनी न गेल्याची. कुणी कुणाला शहाणपणा शिकवू नये. पण विचारलं नाही, हे मात्र माझं चुकलं. जिच्यासाठी सुट्टी आखत होते, तिलाच आखणीत घेतलं नाही. तिने "येतेस का" विचारलं, ते मी चौकशी म्हणून ऐकलं. ते आमंत्रण होतं.

आता कार्यकारिणीने विषय दिलाय, तर नियोजनाचं दोन शब्द सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ ला करोनाची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. पण पुढे अशी वेळ येणारच नाही असं नाही, आणि साथ नसली तरी संप असतात, वादळं असतात, आजारपणं असतात.

पहिलं. नियम बदलतात आणि आपल्या सोयीने बदलत नाहीत. २०२० मध्ये २६ जुलैला स्पेनहून येणाऱ्यांना काही तासांच्या सूचनेवर विलगीकरण लागलं. २०२१ मध्ये पोर्तुगाल १७ मेला ग्रीन होता आणि ८ जूनला अंबर. तेव्हा पैसे परत मिळतील असंच तिकीट घ्या, विम्याचे बारीक अक्षरातले कागद वाचा, आणि जाण्याआधी परत येण्याचा विचार करा. घरी कोण कोंडून राहू शकतं, कुणाची नोकरी थांबते, ते आधी बघा.

दुसरं. सगळं एका गाठोड्यात बांधू नका. "जाऊ तर सगळे, नाहीतर कुणीच नाही, आणि जाऊ तर चार आठवडे," हा माझा हट्ट होता. एकीनेच जावं, आठच दिवस जावं, उन्हाळ्याऐवजी ऑक्टोबरात जावं. अर्धी सुट्टी ही सुद्धा सुट्टीच असते.

तिसरं आत्याचं. पादुका कोणत्या, ते आधी ठरवा. रिंगण, मुक्काम, गर्दी, खरेदी, नातेवाइकांच्या पंगती, हे सगळं सुंदरच असतं, पण अडचणीच्या वर्षी ते मागे ठेवता येतं. पादुका तेवढ्या पोचल्या पाहिजेत. आणि त्या कोणत्या, हे एकट्याने ठरवू नका. पलीकडे जे वाट बघतात त्यांना विचारा. ते म्हातारे असले तरी त्यांना कळतं. कधीकधी आपल्यापेक्षा जास्त कळतं.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनीने फळीवरून एक डबा काढून दिला. आत आंबापोळी. एप्रिलअखेरीस आत्याने घातलेली. भारत रेड लिस्टमध्ये गेल्याचं मी तिला तेव्हाच कळवलं होतं, तरी घातली. वरच्या कागदावर पेन्सिलीने दोन्ही मुलांची नावं, आणि खाली लिहिलेलं, "येतील तेव्हा."

आम्ही तारखांच्या मागे दोन वर्षं धावलो. तिने तारीख घातलीच नव्हती.

मंडळी, ख्रिसमसच्या, पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या आत्ता आखल्या जात असतील. आज घरी गेल्यावर आधी तिकडे एक फोन करा. "आम्ही असं ठरवलंय" असं सांगू नका. "तुम्हाला काय वाटतं," असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. आपल्याला ते जरा अवघड जातं, मला तर फारच.

बाकी, पुढच्या सहलीच्या पोह्यांची यादी दाराशी लावली आहे. जाताना नाव लिहून जा.